डॉकनं टाकी रिकामी केली असणार

गेल्या शनिवारी रात्री परत तोच वाद झाला, आणि ह्यावेळी त्यातल्या एका प्रश्नाचा निकाल लागला, म्हणून लिहायला बसलोय.

कोल्हापुरात उद्यमनगरात आमच्या एका मित्राचं गॅरेज आहे, त्याच्या वडिलांपासूनचं. वर पत्र्याखाली माळा आहे, तिथं प्रोजेक्टर लावून आम्ही पाच-सहा जण वर्षातनं एकदा 'बॅक टू द फ्यूचर'चे तिन्ही भाग सलग बघतो. कॉलेजपासून चाललंय हे. पहिला १९८५ चा, दुसरा १९८९, तिसरा १९९०, म्हणजे आमच्यातले दोघं तर तेव्हा जन्मलेपण नव्हते. ज्यांनी बघितला नाही त्यांनी खरंच आधी बघून या, कारण पुढं सगळं सांगून टाकणाराय. एका वाक्यात सांगायचं तर मार्टी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा आणि त्याचा शास्त्रज्ञ मित्र डॉक ब्राउन, डेलोरियन गाडीतनं काळात मागंपुढं जातात, गाडी ताशी ८८ मैलांवर गेली की उडी बसते, आपल्या हिशोबानं जवळजवळ १४२ किलोमीटर.

बघताना कोण गप्प बसत नाही. एकजण म्हणणार ही चूक आहे, दुसरा म्हणणार चूक नाही तुला कळलं नाही, आणि भजी गार होईपर्यंत तेच. मला स्वतःला वाटतं की 'चूक' आणि 'पिक्चरमध्ये सांगितलेलं नाही' ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक सारखं दुसरीला पहिली म्हणतात. माणसं आणि यंत्रं खरी धरून चालली की निम्म्या चुका गळून पडतात.

तर आमच्या ग्रुपचा सगळ्यात जुना प्रश्न म्हणजे तिसऱ्या भागातलं पेट्रोल. दुसऱ्या भागाच्या शेवटी गाडीवर वीज पडते आणि डॉक गाडीसकट १८८५ मध्ये जाऊन पडतो. गाडी उडायची ती बंद झाली, काळाच्या सर्किटची चिप जळाली, आणि त्या काळात असला पार्ट कुठनं मिळणार, म्हणून तो गाडी एका बंद पडलेल्या खाणीत लपवतो आणि गावात लोहारकाम करत राहतो. मार्टीला पत्र पाठवतो ते सत्तर वर्षांनी, १९५५ मध्ये त्याच्या हातात पडतं. मग १९५५ चा तरुण डॉक आणि मार्टी मिळून ती गाडी खाणीतनं काढतात, दुरुस्त करतात, नवीन टायर घालतात आणि मार्टी डॉकला आणायला १८८५ ला जातो. तिथं पोचल्या पोचल्या पेट्रोलची नळी फाटते आणि सगळं पेट्रोल सांडून जातं. कचऱ्यावर चालणारं ते फ्यूजनचं यंत्र आहे गाडीत, पण ते फक्त काळाच्या सर्किटला करंट देतं, इंजिन साध्या पेट्रोलवरच चालतं, हे डॉक स्वतः सांगतो. आणि १८८५ मध्ये पेट्रोलपंप नाही. घोडे लावून बघतात, दारू घालून बघतात तर इंजिनात इंधन सोडणारा इंजेक्शनचा मॅनिफोल्डच उडतो, शेवटी रेल्वेचं इंजिन पळवून त्यानं गाडी ढकलायची ठरते.

आता प्रश्न असा की त्याच वेळी, त्याच गावाजवळ, त्या खाणीत डॉकनं लपवलेली दुसरी डेलोरियन उभी आहे ना? म्हणजे तीच गाडी, पण आधीची. तिच्यातलं पेट्रोल काढायचं, नळी काढायची, लावायची आणि जायचं, रेल्वे कशाला पळवताय!

माझं इतकी वर्षं उत्तर ठरलेलं होतं. त्या गाडीला हात लावला तर १९५५ मध्ये ती धड मिळणार नाही, मग मार्टी येणारच नाही, सगळा काळ उलटापालटा. मी हे इतक्या वेळा सांगितलंय की मित्र माझं वाक्य माझ्याआधी पूर्ण करतात.

ह्यावेळी खाली मिस्त्रीमामा काम करत होते. मित्राच्या वडिलांच्या काळापासून गॅरेजात आहेत, साठीच्या पुढचे, आम्ही सगळेच त्यांना मामा म्हणतो. आवाज ऐकून वर आले, हात पुसत पुसत पाच मिनिटं उभं राहून ऐकलं आणि मला म्हणाले, "आरं पण नळी काढली तर काय हुतंय? ५५ साली पोरगं नवी नळी आणंल की. त्यानं चिठ्ठीत लिवायचं, नळी घेऊन ये म्हणून. टायर न्हाई का नवं घातलं?"

बरोबर आहे की! डॉकनं गाडीसोबत दुरुस्तीची सगळी माहिती लिहून ठेवलेलीच असते, मग त्यात एक ओळ वाढवायची. आणि पेट्रोल तर १९५५ मध्ये कुठल्याही पंपावर मिळतंय, तिथं गाडी रिकामी सापडली तरी काय फरक पडतो? माझं उत्तर तिथंच पडलं.

मी म्हटलं मग मामा, का नाही घेतलं त्यांनी पेट्रोल?

"त्यात असंल तर घेतील न्हवं? मला सांग, सत्तर वर्षं गाडी हुबी करायची हाय हे ज्याला म्हाइत हाय, त्यो टाकी भरून ठेवंल व्हय? पैल्यांदा पेट्रोल काढणार, मग आइल काढणार, मग बॅटरी सोडवणार. हे तर आमचं हेल्पर पोरगं बी करतंय."

आणि खाली जाऊन एक काचेची बाटली घेऊन आले. कुणाची तरी स्कूटर दोन वर्षं बंद पडून होती, तिच्या टाकीतनं काढलेलं पेट्रोल होतं त्यात. मी आयुष्यात पेट्रोल असं बघितलं नव्हतं. बिनदुधाच्या चहासारखा रंग, आणि वास पेट्रोलचा नाहीच, जुन्या वॉर्निशचा आंबूस वास. बाटली वाकडी केली की काचेवर पिवळट चिकट थर मागं राहत होता. मामांनी बोटावर घेऊन दाखवलं, अंगठा आणि बोट एकमेकांना चिकटत होते, तार निघत होती. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि राहिलेलं हवेशी मिळून असा डिंक तयार होतो, तो जेटमध्ये, नळीत, इंजेक्टरमध्ये जाऊन बसतो आणि मग सगळं उघडून साफ केल्याशिवाय गाडी चालू होत नाही. दोन वर्षांत हे. डॉकला सत्तर वर्षं ठेवायची होती आणि परत चालू करायची होती, आणि डेलोरियन इंजेक्शनची गाडी आहे, मागच्या बाजूला २.८५ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन. जो माणूस दुरुस्तीची चिठ्ठी लिहून ठेवतो तो टाकी भरलेली ठेवेल हे मला आता पटतच नाही.

एकानं विचारलं, काढलं तर काढलं, डब्यात भरून ठेवलं असेल की. मामा म्हणाले, "आट म्हैनं लोहारकी करालाय त्यो. पार्ट धुवायला काय वापरलं असंल?" आमच्या उद्यमनगरात पेट्रोल-रॉकेलनं धुतल्याशिवाय एक पार्ट हातात घेत नाहीत, त्यामुळं ह्यावर कोण काय बोलणार. डॉक १ जानेवारी १८८५ ला पोचला आणि मार्टी २ सप्टेंबरला, मधले आठ महिने. मार्टी येणार हे डॉकच्या डोक्यातसुद्धा नव्हतं, त्यानं पत्रात येऊ नकोस म्हणून बजावलेलं. मग ते पेट्रोल तो कुणासाठी राखून ठेवेल?

नंतर बघितलं तर परदेशातले फॅन्सपण ह्याच उत्तरावर आलेले दिसले. पण आमच्याकडं ते बाटलीतनं आलं.

दुसरा वाद माझ्या जास्त जवळचा आहे, चेहऱ्याचा. मार्टी १९५५ मध्ये आपल्याच आईबापाला भेटतो, तेव्हा ती कॉलेजवयाचीपण नाहीत, शाळेतली पोरं. घाबरट बापाला धीर देऊन त्यांचं जुळवून देतो. मग पुढं त्यांना मुलगा होतो, तो मोठा होऊन हुबेहूब त्याच पोरासारखा दिसायला लागतो आणि आईबापाच्या लक्षात येत नाही? ह्यावर लोक फार हसतात आणि मला ते हसणं पटत नाही. मार्टी तिथं ५ नोव्हेंबर ते १२ नोव्हेंबर, मोजून एक आठवडा होता. फोटो नाही, काही नाही. तीस वर्षांनी चेहरा आठवतो?

मी घरी प्रयोग केला. २००५ च्या महापुरात प्रयाग चिखलीतनं बाबांच्या ओळखीतला एक मुलगा आमच्याकडं मंगळवार पेठेत आठ दिवस राहिला होता, नववी-दहावीतला असेल. रविवारी जेवताना आईला सहज विचारलं, तो आठवतो का. आई लगेच सुरू. त्याच्या वह्या भिजलेल्या, त्या तिनं गॅसजवळ एकेक पान सुटं करून वाळवल्या. तो रोज सकाळी सगळ्यांची अंथरुणं घडी करून ठेवायचा, न सांगता. दहीभात नको म्हणायचा पण लाजून खायचा. जाताना पाया पडला तेव्हा तिच्या डोळ्यात पाणी आलं होतं. मी म्हटलं, आई, दिसायला कसा होता? आई थांबली. "दिसायला... पोरासारखं पोर की रे. उंच होता." बाबा म्हणाले चष्मा होता. आई म्हणाली चष्मा नव्हता, अजिबात नव्हता. दहा मिनिटं दोघं त्या चष्म्यावर. आणि ह्याला अजून तीस वर्षंपण झाली नाहीत.

केलेलं लक्षात राहतं, चेहरा पुसट होत जातो. लॉरेनला, म्हणजे मार्टीच्या आईला, तो आठवडा आठवत असणारच, नाचाची रात्र आठवत असणार, तिला 'मार्टी' हे नाव तेव्हाच आवडलेलं. पण स्वतःच्या पोटच्या पोराचा चेहरा ती तो जन्मल्यापासून रोज बघतेय, तो तिच्यासाठी त्याचाच चेहरा आहे. मला ह्यात काहीच खोटं वाटत नाही.

बिफचा वाद मोठा आहे. बिफ म्हणजे मार्टीच्या बापावर शाळेपासून दादागिरी करणारा. दुसऱ्या भागात म्हातारा बिफ २०१५ मधनं गाडी चोरून १९५५ ला जातो, तरुण बिफला खेळांच्या निकालांचं पुस्तक देतो आणि परत त्याच २०१५ ला येतो. त्या पुस्तकानं १९८५ बिघडतं, आणि नंतर डॉकच म्हणतो की बिघडलेल्या १९८५ मधनं पुढं गेलो तर बिघडलेलंच २०१५ मिळेल. मग बिफ चांगल्या २०१५ मध्ये कसा उतरला? इथं मी राधानगरीचं उदाहरण देतो आणि कोल्हापूरच्या माणसाला ते लगेच कळतं. धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की त्याच मिनिटाला पंचगंगा चढत नाही. आपण राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसतो, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, आणि तिकडनं सुटलेलं पाणी इथं यायला तास जातात. दरवाजा उघडून माणूस मोटारसायकलनं कोल्हापुरात आला तर त्याला नदी आहे तशीच दिसणार. बिफ पाण्याच्या आधी पोचला, इतकंच. आणि हा नियम पहिल्या भागापासूनचा आहे, मार्टीच्या हातातल्या फोटोतनं भाऊ-बहीण एकदम गायब होत नाहीत, आधी भाऊ, मग बहीण, हळूहळू. बिफ गाडीतनं उतरताना छाती धरून कळवळतो ते बघा, काठीची मूठ तुटून गाडीत राहते. त्याचा एक सीन कापलाय त्यात तो शेवटी विरूनच जातो. म्हणजे करणाऱ्यांच्या डोक्यात पाणी येणार हे होतंच, दाखवायचं राहिलं.

मार्टीच्या मैत्रिणीचा, जेनिफरचा चेहरा दुसऱ्या भागात बदलतो त्यावर मी वाद घालू देत नाही. पहिल्या भागातल्या क्लॉडिया वेल्सच्या आईला कॅन्सर झाला म्हणून तिनं काम सोडलं, एलिझाबेथ शू आली, शेवटचा सीन नव्यानं शूट केला. ती कथेतली चूक नाही, विषय संपला.

पण एक प्रश्न उरतो आणि तिथं मला खरंच उत्तर नाही. पहिल्या भागात मार्टी १९५५ मध्ये एका शेतात उतरतो आणि तिथनं पळून जाताना पाइनचं झाड गाडीनं पाडतो. तिथं दोन झाडं होती. म्हणून परत येतो तेव्हा त्याच जागेवर झालेल्या 'ट्विन पाइन्स मॉल'च्या बोर्डावर 'लोन पाइन मॉल' लिहिलेलं असतं. बारकाईनं बघितल्याशिवाय दिसत नाही, मला चौथ्यांदा बघताना दिसलं आणि अंगावर काटा आला. तर दहा मिनिटं आधी परत आलेला मार्टी त्या मॉलवर धावत येतो, डॉकला गोळ्या लागताना बघतो, आणि दुसरा मार्टी गाडीत बसून १९५५ ला निघून जाताना बघतो. हा दुसरा मार्टी कोण? तो तर एक झाड असलेल्या जगात वाढलाय. त्याचा बाप घाबरट नाही, लेखक आहे. घरात बिफची दादागिरी नाही. तो १९५५ ला जाऊन काय करतो? ज्याच्या बापाला कधी धीर द्यावाच लागला नाही, असं पोरगं बापाला धीर कसा देणार? आणि त्यानं तेच केलं नाही तर ही सगळी साखळी कशी टिकते?

पाण्याचं उदाहरण इथं चालत नाही. माणसं खरी धरून चालायचं हा माझा नियम तर उलट अंगावर येतो, कारण खरा माणूस घरातनं घडतो आणि ह्याचं घरच वेगळं आहे. मी शनिवारी हे सगळं माळ्यावर मांडलं, बाकीच्यांनी दोन-तीन तर्क लढवले, एकही टिकला नाही. साडेबारा वाजून गेलेले. मिस्त्रीमामा इतका वेळ जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून ऐकत होते, ती चहाच्या रंगाची बाटली अजून त्यांच्या शेजारीच होती. म्हणाले, "त्यो दुसरा पोरगा गाडीत बसताना तोंड दिसतंय काय त्याचं? लाव बघू परत."

आम्ही परत लावला. लांबनं घेतलाय तो सीन. आम्ही दोनदा थांबवून बघितलं, मामा पडद्याजवळ जाऊन उभे राहिले, त्यांची सावली गाडीवर पडली म्हणून बाजूला झाले, आणि मग म्हणाले, अजून एकदा.