सहाही चेंबर सळई घालूनच

आमचं बंदूक दुरुस्तीचं दुकान कोल्हापुरात आहे. आजोबांनी सुरू केलं तेव्हा शिकारीच्या बारा बोअर बंदुका यायच्या. कुणाच्या नळीला गंज, कुणाचा दस्ता फुटलेला, कुणाचा घोडा ढिला. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार थांबली आणि आमचं बरंच काम गेलं. वडिलांनी पुढं बँकांच्या रखवालदारांच्या आणि पीक राखायच्या बंदुकांवर दुकान तगवलं. रिव्हॉल्व्हरं जास्त यायला लागली ती माझ्या वेळी.

रिव्हॉल्व्हरला नळी एक आणि फिरत्या सिलिंडरमध्ये चेंबर, म्हणजे काडतुसाची घरं, सहा. घोडा चढवला की सिलिंडर एक घर पुढं सरकतं आणि खाचेत अडकून थांबतं. थांबलेलं चेंबर नळीच्या रेषेत नसेल तर गोळी नळीच्या कडेला घासते, शिसं तासलं जातं आणि त्याचे कण सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून बाजूला उडतात. एका गिऱ्हाइकाशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या गालाला असा कण लागला. महिन्यापूर्वी तेच रिव्हॉल्व्हर मी बॅटरीच्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी बघून 'ठीक आहे' म्हणून परत दिलं होतं. चूक माझी होती. ते अजून मनातून जात नाही.

मग रेंज रॉड घेतला, म्हणजे तोंडाकडून नळीत घालून चेंबरपर्यंत न्यायची सळई. पहिला स्वस्तातला घेतला. त्याचं डोकं नळीपेक्षा बरंच बारीक, त्यामुळे बिघडलेलं रिव्हॉल्व्हरही त्यात पास व्हायचं. असा रॉड नसलेला बरा, कारण तो खोटा धीर देतो. डोकं नळीत जेमतेम सरकेल असं हवं. शिवाय एकाच .32 बोअरच्या दोन नळ्यासुद्धा तंतोतंत सारख्या नसतात. शेवटी नळी मोजून उद्यमनगरातल्या एका टर्नरकडून पितळेची डोकी करून घेतली, एकेक थोड्या फरकानं चढत्या मापाची. पितळ अशासाठी, की नळीतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या आट्यांवर ओरखडा उठू नये.

आधी हत्यार रिकामं आहे ना, हे दोनदा बघायचं. मग घोडा चढवायचा, चाप दाबून धरून घोडा हळू खाली सोडायचा आणि चाप तसाच दाबलेला ठेवायचा. सिलिंडर गोळी सुटताना असतं तसं अडकलं पाहिजे. मग सळई घालायची. चेंबरच्या ओठाला ती अडली तर बोटाला लगेच कळतं. सहाही चेंबर असेच बघायचे.

कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .32 बोअरचं रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून उघडतं. 2014 मध्ये आलेलं तिथलंच निर्भीक रिव्हॉल्व्हरही तसंच. यात नळी बिजागरीवर असते, म्हणून बिजागरीची पिन किंवा वरची कडी झिजली तर सिलिंडर निर्दोष असूनही सळई अडते. आधी नळी हलवून बघायची, हे मला दोन सिलिंडर विनाकारण खोलल्यावर उमगलं.

सिलिंडर आणि नळीमधल्या फटीसाठी साधा फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, पुरतो. 0.10 ते 0.20 मिलिमीटर असली तर मी समाधानी असतो, मात्र सिलिंडर पुढं आणि मागं ढकलून दोन्हीकडं मोजतो.

निवडणुकीआधी जमा केलेली हत्यारं निवडणुकीनंतर सुटली की दुकानात एकदम गर्दी होते. तेव्हाही कार्डावर सहा चेंबरांच्या सहा खुणा झाल्याशिवाय रिव्हॉल्व्हर परत जात नाही. त्या तपासणीचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.