सिकलसेलचं दिव्यांग प्रमाणपत्र काढताना: माझा अनुभव

माझा भाचा देवलापारच्या पलीकडच्या गावचा, गोंड, आश्रमशाळेत दहावीला. त्याला सिकलसेल आहे, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. थंडी पडली की अंग धरतं, पेपर लिहिता लिहिता हात दुखायला लागतो. दिव्यांग प्रमाणपत्र असलं तर बोर्डाच्या परीक्षेत तासामागे 20 मिनिटं जादा मिळतात. तेवढ्यासाठी ही सारी धावपळ. मी नागपुरात राहतो, म्हणून ताईनं काम माझ्यावर टाकलं.

ऑनलाइन अर्जाला काही वेळ लागला नाही. स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, आधार आणि फोटो जोडायचा, झालं. फक्त कॅफेवाल्यावर लक्ष ठेवा. त्या दिवशी पोरगा लंगडत होता, तर तो हातापायाचं अपंगत्व निवडायला निघाला होता. यादीत सिकलसेल वेगळं आहे, तेच निवडा. मोबाइल नंबरही अशा माणसाचा द्या ज्याच्या घरी रेंज असते. ताईच्या फोनला ओटीपी यायचा तो ती डोंगराखालून रस्त्यावर आली की.

खरा घोळ सरकारी रुग्णालयात. खिडकीवरच्या बाबूनं भाच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "हातपाय तं चांगले दिसून राहिले, हा दिव्यांग कसा?" मग हाडांच्या विभागात पाठवलं. तिथले म्हणाले हे आमचं नाही, मेडिसिनला जा. मेडिसिनवाले म्हणाले, आधी बोर्डाच्या (प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाच्या) खिडकीवरून कागद आणा. 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि सिकलसेल त्यात आहे, हे मी तिथं उभ्या उभ्या सांगत होतो. ऐकतो कोण? पुढच्या वेळी कायद्याच्या परिशिष्टाची प्रिंट घेऊन गेलो, तेव्हा बाबूनं चष्मा लावला. तुम्ही पहिल्याच दिवशी न्या.

यानंतर रिपोर्ट. आश्रमशाळेच्या तपासणीचा कागद होता, त्यावर नुसतं सोल्युबिलिटी (सिकलसेलची प्राथमिक रक्तचाचणी) पॉझिटिव्ह. या चाचणीत वाहक (एएस, म्हणजे स्वतः आजारी नाही पण मुलांकडे दोष जाऊ शकतो) आणि आजारी (एसएस) यांतला फरक कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागते, म्हणजे रक्तात कोणत्या प्रकारचं हिमोग्लोबिन आहे हे दाखवणारी चाचणी. वाहकाला प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणून त्यांनी एचपीएलसी मागितली ते बरोबरच. पण हे पहिल्या दिवशी सांगायला काय जात होतं? देवलापारहून एसटीनं यायचं म्हणजे ताईची एक दिवसाची मजुरी बुडते.

केली एचपीएलसी. रिपोर्टवर ए (साधं हिमोग्लोबिन) आणि एस (सिकलसेलचं) दोन्ही. बोर्डानं पाहिलं, 'वाहक' लिहिलं आणि अर्ज फेटाळला.

मला काही सुचेना. या पोराला तापात रक्त चढवलेलं, रात्र रात्र कण्हताना मी पाहिलेलं, आणि कागद म्हणतो हा वाहक! ताई एका कोपऱ्यात बसून राहिली. तिला मराठी समजतं, पण डॉक्टर भराभर बोलले की ती नुसती मान हलवते आणि तेच "हो" म्हणून लिहिलं जातं. घरात गोंडी बोलणाऱ्या माणसासोबत एक तरी बोलका माणूस असू द्या. पोरालाही "नेहमी दुखतं का?" विचारलं तर लाजून "नाही" म्हणाला होता.

गाठ सुटली ती मेडिसिनच्या एका तरुण डॉक्टरणीमुळे. तिनं सगळी फाइल उलटवली, डिस्चार्ज कार्डावर बोट ठेवलं आणि विचारलं, "याला रक्त कधी चढवलं?" पावसाळ्यातच. मग म्हणाली, हा 'ए' त्या दात्याचा आहे, पोराचा नाही. रक्त चढवल्यावर निदान तीन महिने या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही. तिनं तसं लेखी दिलं आणि आई-बापाचीही चाचणी करायला सांगितली. दोघेही एएस निघाले. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला एसएस होण्याची शक्यता चारात एक असते.

मी लॅबवाल्याला नंतर विचारलं, रक्त चढवलंय का हे तुम्ही का नाही विचारलं? तो म्हणाला, फॉर्मवर तो रकाना नाही. विदर्भात इतके सिकलसेलचे पेशंट आणि फॉर्मवर एक रकाना नाही! 2023 मध्ये केंद्रानं 2047 पर्यंत सिकलसेल संपवण्याचं मिशन सुरू केलं. चांगलंच आहे, पण जे आज आजारी आहेत त्यांच्या कागदाचं बघायला हवं ना. हीच तपासणी आश्रमशाळेत बोर्ड नेऊन केली असती तर पाच-सात पोरांचं एकदम झालं असतं. तिथं आणखी कितीतरी आहेत.

तर डिस्चार्ज कार्ड कधी टाकू नका, आणि रक्त चढवण्याआधीच एचपीएलसी करून ठेवा. जुन्या रिपोर्टचा फोटो दोन-तीन फोनांत ठेवा.

तीन महिने थांबून पुन्हा चाचणी केली, रिपोर्ट स्वच्छ एसएस आला. बोर्डाचं काम त्या दिवशी अर्ध्या तासात झालं. दिव्यांगत्व 40 टक्क्यांच्या वर धरलं म्हणून पिवळं दिव्यांग कार्ड. आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांनी सवलतीचा प्रस्ताव लगेच पाठवला, त्यांना मानलं.

धाकट्या भाचीची चाचणीही त्याच वेळी करून घेतली. ती एएस आहे. तिला प्रमाणपत्राची गरज नाही, पण लग्न जमवताना मुलाकडच्यांचा रिपोर्ट आधी मागायचा, हे ताईला मी आतापासूनच सांगून ठेवलंय.