नान्नजचा माळ, मोज्यातली कुसळं आणि न दिसलेला माळढोक

सोलापुरात जन्म गेला पण नान्नजला कधी थांबलो नव्हतो, बार्शीला जाताना बसच्या खिडकीतनं बघायचो आणि म्हणायचो, आलं बघ माळरान. या वेळी मात्र मित्र सकाळी साडेपाचलाच दारात उभा, "काय बे, उठ की, ऊन वर आलं की काय दिसंना तिथं." पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी, पाण्याच्या दोन बाटल्या टाकल्या आणि निघालो बाईकवर.

बावीस-तेवीस किलोमीटरच आहे. वाटेत द्राक्षाचे मांडव लागतात, सोनाका ही द्राक्षाची जात याच नान्नजच्या नानासाहेब काळेंची, हे बऱ्याच सोलापूरकरांनाही ठाऊक नसतं.

माळावर उतरलो तर पहिली सलामी कुसळांची, मोजे भरले पार. पण यातच गंमत आहे, कारण इथलं वैभव म्हणजे हे गवतच. सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णींनी १९७२ च्या दुष्काळात इथं माळढोक हा दुर्मिळ पक्षी बघितला, १९७९ ला त्याच्यासाठी अभयारण्य झालं आणि मग ८० च्या दशकात मुंबईच्या बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) या निसर्ग-अभ्यास संस्थेचे अभ्यासक इथं मुक्काम ठोकून राहिले. हा पक्षी वर्षाला बहुतेक एकच अंडं घालतो आणि तेही उघड्या जमिनीवर, त्यामुळं कुत्रं, मेंढरं, ट्रॅक्टर काहीही पुरतं त्याचं वाटोळं व्हायला. पुढं बिलाल हबीब यांनी इथल्या लांडग्यांवर पीएचडी केली. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे हे असल्या कामांमुळंच कागदावर आलं, नाहीतर आपण दिसला माळ की खड्डे खणून झाडं लावायला मोकळे! आमच्या शाळेनंही असलं वृक्षारोपण केलेलं, मी स्वतः माती ओढलीय.

सोबतच्या वाटाड्या मामांनी वाटेत वाळलेली लांडग्याची विष्ठा काडीनं फोडून दाखवली, आत सगळे केस नि हाडाचे तुकडे. "काळवीट खाल्लंय," म्हणाले, "पण शेरडं बी सोडत नाही, धनगरांना विचारा." थोडं पुढं काळवीटं दिसलीच, एक काळाकुट्ट नर मान वर करून आमच्याकडं बघत उभा, मित्राचा मोबाईल निघेपर्यंत गेला उड्या मारत.

माळढोक? नाही दिसला. मनोऱ्यावर दोन तास दुर्बीण लावून बसलो तरी नाही. तिकडं राजस्थानात जैसलमेरला २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातनं माळढोकाचं पिल्लू जन्मलं, पेपरात वाचून लई भारी वाटलेलं. मामांना सांगितलं तर म्हणाले, "हितं बी यील हो, पर गवत ठिवलं तर."

येताना टायर पंक्चर. दोन किलोमीटर गाडी ढकलली, मोज्यातली कुसळं टोचत होती, आणि शेंगाचटणीची पुडी मनोऱ्यावरच राहिली होती.