पांगासिनानमधलं माझं मिशन आणि तिथले जोडीदार

चर्चच्या मिशनवरून, म्हणजे फिलिपिन्समधल्या पांगासिनान प्रांतात धर्मप्रचाराची सेवा करून, आलो तेव्हापासून लोक दोनच गोष्टी विचारतात. दारोदार फिरताना हाकलून देतात का, आणि घरची आठवण येते का. दोन्हींचं उत्तर हो असंच आहे. पण मिशनमध्ये खरा कस लागतो तो वेगळ्याच ठिकाणी, आणि त्याबद्दल मला निघण्याआधी कुणी फारसं बोललं नव्हतं. आपण न निवडलेल्या माणसाबरोबर, म्हणजे मिशनमधल्या जोडीदाराबरोबर, दिवसरात्र राहायचं असतं. आमच्या चर्चच्या शाखेतली दोन-तीन मुलं सध्या मिशनसाठी अर्ज भरताहेत, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितो आहे.

आम्ही हैदराबादचे, काचीगुड्याकडचे मराठी. आई-बाबा लग्नानंतर काही वर्षांनी चर्चमध्ये आले. लोक आम्हाला मॉर्मन म्हणतात. पूर्ण नाव द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. आजी मात्र आजही रोज देवपूजा करते आणि आमच्या घरात कुणालाच त्याचं काही वाटत नाही. भारतातला चर्चचा पहिला स्टेक, म्हणजे अनेक स्थानिक मंडळ्यांचा मिळून एक विभाग, २०१२ मध्ये हैदराबादलाच स्थापन झाला, त्यामुळे मिशनहून आलेली दादा-ताई मंडळी मी लहानपणापासून पाहत होतो. आजीला हे सगळं अमेरिकेतून कालपरवा आलेलं वाटायचं. १८५० च्या दशकात ह्यू फिंडले नावाचा मिशनरी तिच्याच पुण्यात येऊन राहिला होता आणि तिथे छोटी शाखाही उभी राहिली होती, हे मी तिला वाचून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तेव्हा तो इकडे आला, आता तू तिकडे चाललास. तुमच्या चर्चपायी चहा पीत नाहीस ते सोसलं, पण दोन वर्षं म्हणजे काय थोडी झाली का रे?"

मुलांसाठी मिशन दोन वर्षांचं असतं, मुलींसाठी दीड वर्षाचं. मुलगा अठराव्या वर्षी जाऊ शकतो. २०१२ पर्यंत ही अट एकोणीसची होती. आधी बिशप, म्हणजे स्थानिक मंडळीचे प्रमुख, मुलाखत घेतात, मग स्टेक अध्यक्ष. प्रश्न सरळ असतात: श्रद्धा, सवयी, प्रामाणिकपणा, कुणाचं देणं-घेणं बाकी आहे का. डॉक्टर आणि दंतवैद्य यांचे फॉर्म मात्र लवकर सुरू करा. अक्कलदाढेचा त्रास परदेशात होऊ नये म्हणून मला ती आधीच काढून घ्यावी लागली आणि त्यात बराच वेळ गेला. खर्चाचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या मिशनऱ्यांना २०२० पासून महिन्याला ५०० डॉलर भरावे लागतात. आपल्याकडे ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे ठरतं. कुठे जायचं हे आपण सांगायचं नसतं. नेमणुकीचं पत्र ई-मेलने आलं, सगळे फोनभोवती जमले, मी मोठ्याने वाचलं: फिलिपिन्स, उर्दानेता मिशन, भाषा टागालोग. व्हिसाला वेळ लागला. त्या काळात बाबांच्या दुकानात बसलो.

मिशनऱ्यांचं प्रशिक्षण केंद्र आमच्या चर्चच्या मनिलातल्या मंदिरासमोरच आहे. पहिला आठवडा घरूनच ऑनलाइन आणि पुढचे आठवडे तिथे. सकाळपासून रात्रीपर्यंत टागालोग. वाक्याच्या शेवटी आदरासाठी 'पो' लावायची सवय पहिल्याच दिवशी लावतात आणि ती आयुष्यभर उपयोगी पडेल अशी आहे. पण पांगासिनान प्रांतात पोचल्यावर कळलं, की उर्दानेता-व्हियासिसच्या बाजूला घरात इलोकानो बोलतात आणि सान कार्लोस-कलासियाओकडे पांगासिनान. टागालोग सगळ्यांना येते, पण म्हातारी माणसं खुलतात ती आपल्या बोलीत. मी सकाळचं 'नाइंबाग आ बिगात' शिकून घेतलं. तेवढ्यावर कितीतरी फाटकं उघडली.

माझा पहिला जोडीदार, म्हणजे मला शिकवणारा, सेबूचा होता. त्याची मातृभाषा बिसाया, त्यामुळे इलोकानो त्यालाही परकीच. साडेसहाला उठायचं, व्यायाम, आंघोळ, आठला अभ्यास, दहाच्या सुमाराला बाहेर. पांढरा शर्ट, छातीवर काळी नावपट्टी. रात्री नऊच्या सुमाराला घरी, दुसऱ्या दिवसाचं नियोजन, साडेदहाला दिवे बंद. जोडीदार नजरेआड होऊ द्यायचा नाही, असा नियम. बाजारात, बँकेत, न्हाव्याकडे, सगळीकडे दोघांनी जायचं.

भारतीय म्हणून माझी एक वेगळीच अडचण होती. तिथे गावोगावी मोटरसायकलवरून फिरणारे भारतीय, बहुतेक पंजाबी, सावकारी करतात. पाच घ्यायचे आणि सहा फेडायचे, रोज थोडे थोडे. हप्त्याने छत्र्या, मच्छरदाण्याही विकतात. लोक त्यांना 'बुंबाय' म्हणतात आणि हट्टी मुलांना त्यांचं भय घालतात. आम्ही फाटकापाशी 'ताओ पो' अशी हाक दिली, की माझा चेहरा बघून आतून आवाज यायचा, आज पैसे नाहीत, उद्या या. पोरं आईच्या मागे लपायची. सेबूचा जोडीदार पुढे व्हायचा आणि शांतपणे सांगायचा, हा पैसे मागायला नाही आला, हा चर्चचा आहे. मग लोक खुर्च्या काढायचे. फिलिपिन्समध्ये दहातली जवळपास आठ माणसं कॅथलिक आहेत आणि मनाओआगची माउली, म्हणजे तिथल्या चर्चमधली मारिया, हे पांगासिनानचं दैवत. तिथे लोक नवी गाडी घेऊन आशीर्वादाला जातात. त्यांना येशू ख्रिस्ताबद्दल मी काय नवं सांगणार, असा प्रश्न मला सुरुवातीला पडायचा. नंतर मी आधी त्यांनाच विचारायला लागलो, तुम्ही कशी प्रार्थना करता. त्यातून खरं बोलणं सुरू व्हायचं. बहुतेकांनी पुढे भेट नको म्हटलं, पण पाणी दिल्याशिवाय कुणी पाठवलं नाही.

आणि जेवण. कुणाच्याही घरी गेलं, की 'काइन तायो', या जेवायला. भात तिन्ही वेळा. कलासियाओचे पुतो म्हणजे तांदळाच्या आंबवलेल्या पिठाच्या छोट्या वाफवलेल्या इडल्याच, जराशा गोड. व्हियासिसच्या हमरस्त्यावर वांग्यांचे ढीग असतात. वांगं भाजून, सोलून, अंड्यात बुडवून तळतात. मी तेच भाजलेलं वांगं घेऊन कांदा-मिरची घालून भरीत करायचो, आणि शाखेतल्या बायका ते बागोओंग, म्हणजे आंबवलेल्या मासळीची खारट चटणी, घालून खायच्या.

या जेवणावरूनच आमच्या दोघांत पहिला ताण आला. सेबूचा जोडीदार प्रत्येक घरात निवांत बसायचा. मला पुढची भेट दिसत असायची. तिथेही कुणीतरी वाट बघत असेल, शेतातून लवकर आलं असेल. त्याने बोलणं कमी केलं. एकाच खोलीत, एकाच टेबलावर, आणि तरी अबोला. आमच्याकडे दर आठवड्याला एक बैठक असते. दोघांनी समोरासमोर बसून प्रार्थना करायची, मग एकमेकांचं काय आवडलं ते सांगायचं, मग काय खुपतं ते. त्या बैठकीत तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "इथे पुढ्यात ताट ठेवल्यावर माणूस उठून गेला, तर घरच्या बाईला वाटतं, आपलं गरिबाचं अन्न त्याला चाललं नाही." मी माझं सांगितलं. दोघांचंही खरं होतं. मग वहीत बदल केला: जे घर जेवल्याशिवाय सोडत नाही, ते दिवसाच्या शेवटी ठेवायचं. इतका साधा तोडगा. पण तो निघाला तो त्या बैठकीमुळे, आणि ती बैठक उरकून टाकणाऱ्या मुलांची मिशनं फार जड जातात, असं मी नंतर कितीतरी जोड्यांत पाहिलं.

दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी येते. एका यादीत माझ्या वाट्याला अमेरिकेतला मुलगा आला, यूटाचा. हसरा, गिटार वाजवणारा, टागालोग माझ्यापेक्षा चांगली. दोन-तीन आठवड्यांनी लक्षात आलं, की रात्री तो झोपत नाही. मध्यरात्री जाग आली, की खिडकीपाशी बसलेला दिसायचा. सकाळी बूट चढवताना हात थरथरायचे. त्याच्या घरात आजोबा, वडील, भाऊ सगळे मिशन करून आलेले. परत जायचं म्हटलं तर गावाला तोंड कसं दाखवू, हे एकच त्याच्या डोक्यात. मी त्याला सांगितलं, आपण दोघं मिळून मिशन अध्यक्षांना फोन करू. त्यांनी त्याच दिवशी ऐकून घेतलं, समुपदेशकाशी फोनवर भेटी ठरवल्या. आम्ही बाहेर पडणं कमी केलं, शाखेतल्या एका मावशींच्या भाताच्या शेतात रोपं लावायला जायला लागलो. चिखलात उभं राहिलं, की तो थोडा शांत व्हायचा. तरीही शेवटी तो मुदतीआधी घरी गेला, आणि ते योग्यच झालं. आज तो बरा आहे, शिकतो आहे. आपल्या लोकांना माझं हात जोडून सांगणं आहे, की लवकर परतलेल्या मुला-मुलीला 'का आलास' असं विचारू नका. त्याला जेवायला बोलवा.

तो गेला त्या आठवड्यात मी आईला फोनवर बराच वेळ रडलो. २०१९ पर्यंत मिशनऱ्यांना घरी फोन फक्त नाताळला आणि मदर्स डेला करता यायचा. आता दर आठवड्याला, आमचा सोमवारी. हा बदल झाला नसता तर माझं काय झालं असतं, कोण जाणे.

मग माझ्याकडे नवा मुलगा शिकायला दिला, सामोआचा, धिप्पाड आणि लाजाळू. २०२४ च्या मार्चमध्ये उर्दानेताचं नवं मंदिर समर्पणाआधी सर्वांना बघायला खुलं केलं होतं. समर्पणानंतर आत फक्त चर्चचे पात्र सदस्य जातात, म्हणून या दिवसांत शेजारीपाजारी, कॅथलिक, सरकारी अधिकारी सगळे येतात. आत गालिचे असल्याने पाहुण्यांच्या बुटा-चपलांवर पांढरी आवरणं चढवतात, आणि ते काम आमच्याकडे होतं. जीपनी, म्हणजे तिथल्या प्रवासी गाड्या, भरभरून लोक यायचे. एक आजी रबरी चपला घालून आल्या होत्या, टाचा भेगाळलेल्या, भेगांत शेतातली माती. त्या पाय मागे घ्यायला लागल्या, घाण आहेत म्हणून. सामोआचा जोडीदार जमिनीवर मांडी घालून बसला, त्यांचं पाऊल आपल्या गुडघ्यावर घेतलं, हळूच आवरण ओढलं आणि इलोकानोत म्हणाला, "ॲग्यामानाक." आभार मानायला तेवढाच एक शब्द त्याला येत होता. आजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी दुसरं पाऊल घेतलं.

२८ एप्रिलला डॅलिन ओक्स यांनी मंदिराचं समर्पण केलं. तेच आता चर्चचे अध्यक्ष आहेत. तो उन्हाळा भयंकर होता. दागुपानला आर्द्रतेसह जाणवणारं तापमान ४५ अंशांच्या वर जायचं, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आम्ही भेटी सकाळी आणि दिवेलागणीला घ्यायचो, दुपारी ओला टॉवेल मानेवर टाकून अभ्यास. नंतर पावसाळ्यात वादळं आली. इशाऱ्याचा आकडा चढला, की बाहेर पडायचं नाही. ओसरला, की फावडी घेऊन लोकांच्या घरातला गाळ काढायचा. त्या कामात कुणी आम्हाला धर्म विचारला नाही, आणि आम्हीही काढला नाही.

हैदराबादला परतलो त्या संध्याकाळी स्टेक अध्यक्षांनी मला सेवेतून मुक्त केलं आणि मी नावपट्टी काढली. पहिले काही आठवडे खोलीत एकटं झोपवत नसे. किराणा आणायला निघालो, की दारात थांबून मागे बघायचो. आजी म्हणायची, "चल, मी येते", आणि खरंच पायात चपला सरकवून भाजीबाजारापर्यंत यायची. आता सवय मोडली आहे. कॉलेज सुरू झालंय. शाखेतल्या मुलांबरोबर शनिवारी बसतो, अर्जातले वैद्यकीय फॉर्म भरून घेतो, आणि दोघादोघांची जोडी लावून ती आठवड्याची बैठक त्यांच्याकडून आत्तापासूनच करून घेतो.