सात बंगल्यांच्या चाव्या

आमच्या दारामागं खिळ्याला सात चाव्या लटकतात. त्यातली एकपण आमच्या घराची नाय. आमच्या घराला कुलूप लागतच नाय, दावणीला तीन गाई आहेत आणि दोन टाइम धार काढायला कुणीतरी घरी लागतंच.

चाव्या सगळ्या गलाईवाल्यांच्या, म्हणजे बाहेर सोनं-चांदी गाळायला गेलेल्या गावकऱ्यांच्या बंद बंगल्यांच्या. आमचा माण तालुका, जिल्हा सातारा. त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आमच्याकडं ५०० झाला तरी वरीस बरं गेलं म्हणायचं. ज्वारी-बाजरीवर सगळ्या भावांचं भागणार नाय हे आज्याच्या टायमालाच कळलेलं, म्हणून विटा, आटपाडी, माण, खटाव ह्या पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात बाहेर पडली ती पार केरळ-तमिळनाडूपर्यंत गेली, तिकडच्या सराफ पेठेत एखाद्या बोळात ॲसिडच्या वासात भट्टीपुढं बसलेला माणूस मराठीत शिवी देताना ऐकू आला तर तो आपलाच समजायचा. पैसा गावात येतो तो स्लॅब होऊनच. दोन मजली, स्टीलचं रेलिंग, बाहेर मारबलमध्ये आईवडिलांचं नाव, आणि यात्रेचे आठ दिवस सोडले तर वर्षभर बंद.

मागं राहिलेल्यांचं घर दुधावर चालतं. साडेपाचला धार, साडेसहाला किटली घेऊन दूध सेंटर. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (म्हणजे दुधातला फॅट सोडून बाकीचा घट्टपणा) पूर्ण दर, त्याच्या खाली आलं की कटिंग. उन्हाळ्यात ओला चारा संपला की डिग्री, म्हणजे दुधाच्या घट्टपणाचा आकडा, लागत नाय आणि मग मशीनच्या आकड्यावरून रोज एकाचं तरी भांडण ठरलेलं. आई म्हणते तीच गाय, तीच वैरण, सकाळी ३.६ आणि संध्याकाळी ३.२ कसं? सेंटरवाला चिठ्ठी फाडून हातात देतो, बोलत नाय. २०२४ ला सरकारनं लिटरला ५ रुपये अनुदान दिलं तेव्हा गाईच्या कानात बिल्ला पाहिजे म्हणून सांगितलेलं, आमच्या एका गाईनं तो कुंपणाला घासून पाडला, मग काय, परत डॉक्टरच्या मागं फिरा.

दवाखान्याचं थोडक्यात सांगतो, आरोग्य उपकेंद्र साधारण ५००० लोकांमागं एक असतं आणि आम्ही १२०० पण नसू, त्यामुळं ते शेजारच्या गावात. एसटी दिवसातून दोनदा. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून आई तालुक्याला दहिवडीला मनानं जाती, आधी दहादा विचार करायची, ही गोष्ट मला तरी लय मोठी वाटते.

आणि पाणी. सरकारच्या जलजीवन योजनेचे नळ घरोघर आले, माणशी रोज ५५ लिटर असं कागदावर. आमच्याकडं तीन दिवसाआड सुटतं. घरोघर म्हणल्यावर बंद बंगलेपण आले, त्यांनापण नळ. मागच्या यात्रेनंतर एका नानांच्या परसातला नळ उघडाच राहिला, निघताना पाणी नव्हतं त्यामुळं कुणाच्या ध्यानात आलं नाय. मग महिनाभर दर वेळी पाणी सुटलं की ते सगळं त्यांच्या मागून ओढ्याला, खालच्या आळीला थेंब नाय. शेवटी खालच्या आळीतली काकी रिकामी घागर घेऊन थेट आमच्या दारात, "चावी तुझ्याकडं हाय न्हवं? मग पाणीबी तूच दे." मी बनियनवरच पळालो. परसात गुडघाभर गवत उगवलेलं, आणि गंमत म्हणजे अख्ख्या गावात तेवढंच हिरवं. नळ बंद केला आणि आल्यासारखं ते गवत कापून गाईंना आणलं.

नानांना फोन केला तर म्हणाले, "बरं झालं बघितलंस. आता गेलायस तर वरच्या खोलीतला फॅन चालू हाय का तेवढं बघ रे."

फॅन चालूच होता.