रूथ, कुकर आणि शेंगांचा सरवा

आज रात्री साडेनऊला आमच्या बायकांचा ऑनलाइन बायबल अभ्यास एकदाचा सुरू झाला. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि लग्न होऊन हुबळीला गेलेली एक मैत्रीण. रूथचं पुस्तक घेतलंय. चारच अध्याय, सुरुवातीला झेपतंय.

आधी बराच वेळ “ऐकू येतंय काय?” यातच गेला. कुणाचा तरी कुकर शिट्ट्या मारत होता (रात्री साडेनऊला काय शिजवतात कोण जाणे). पण गरीब विधवा रूथ बवाज नावाच्या श्रीमंत शेतकऱ्याच्या शेतात सरवा (कापणीनंतर रानात राहिलेली कणसं) वेचते तिथं आलो, आणि चर्चमध्ये कधी तोंड न उघडणाऱ्या खानापूरच्या काकू बोलायला लागल्या. भुईमूग काढून झाला की त्या लोकांच्या रानात राहिलेल्या शेंगा वेचायला जायच्या. मालक दिसला की मान खाली.

“दिवसात एफाभर सातू? नुसत्या सरव्याला एवढं कुठनं निघतंय! बवाजानं पेंढ्यांतनं मुद्दाम टाकायला लावलं म्हणून.”

एफा म्हणजे साधारण २२ लिटर. मी नोट्स काढून बसले होते, त्यात काकूंचं हे म्हणणं कुठंच नव्हतं.

हुबळीवाली वचनं कानडीतनं वाचते, तिची शाळा कानडी. चालतंय, सगळ्यांना कळतंय.

पुढच्या गुरुवारी खळ्यावरचा तिसरा अध्याय. कुणाला यायचं असेल तर मेसेज करा, लिंक पाठवते.