बोलोन्याला कशाला, असे तुम्ही विचारलेत म्हणून

"हे सगळे जुने सिनेमे आता घरबसल्या दिसतात, मग त्यासाठी दरवर्षी इटलीला कशाला?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या जिन्यात आणि एकदा दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, तोंड उघडे असताना विचारला गेला आहे. पहिली दुरुस्ती अशी की बोलोन्यातल्या जुन्या सिनेमांच्या महोत्सवाला मी गेले ती दरवर्षी नव्हे, बारा वर्षांत पाच वेळा. दुसरी अशी की सगळे दिसत नाही. फाळक्यांच्या १९१३ सालच्या पहिल्या चित्रपटाचीसुद्धा मोजकीच रिळे उरली आहेत. त्या काळचे सिनेमे ज्यावर असत त्या नायट्रेटच्या फिल्मला जळत राहायला बाहेरची हवा लागत नाही आणि पाणी मारून ती विझत नाही. अशी रिळे २००३ च्या जानेवारीत प्रभातच्या जुन्या आवारात जळाली, हे पुण्यात राहून मला विसरता येत नाही.

इथवर मी ठामपणे बोलते. मात्र हे उत्तर अपुरे आहे, हे मला माझ्या थोरल्या बहिणीमुळे ठाऊक आहे.

२०१८ च्या जूनअखेरीस 'इल चिनेमा रित्रोव्हातो'ला, म्हणजे 'पुन्हा गवसलेल्या सिनेमा'च्या महोत्सवाला, मी ताईला आग्रहाने नेले. फिल्म सोसायटीतले आम्ही चौघे आणि ती. नऊ दिवस आणि शेकडो चित्रपट, त्यामुळे आम्ही रोज सकाळी कॉफी पिताना कार्यक्रमपत्रिकेवर पेन्सिलीने खुणा करत असू : कोणता पस्तीस एमएमच्या प्रिंटवर आहे, कोणता डिजिटल, एका सभागृहातून निघून कमानींखालून चालत दुसऱ्यात किती मिनिटांत पोहोचता येईल. चौथ्या दिवशी ल्युमिएर या सभागृहात एक मूकपट होता, पियानोच्या साथीने. त्यानंतर आर्लेकिनो या दुसऱ्या सभागृहात जायचे होते आणि जागेसाठी रांग धरणे भाग होते, म्हणून शेवटची दहा मिनिटे उरली असताना मी ताईला कोपराने खुणावले. ती हलली नाही. मी पुन्हा ढोसले. तिने पडद्यावरची नजर न काढता माझा हात उचलला आणि माझ्याच मांडीवर ठेवला, लहानपणी कीर्तनात मी चुळबुळ करू लागले की ठेवायची तसाच. मग मी तिला तिथेच सोडून निघाले. परक्या शहरात, तिथली भाषा न येणाऱ्या, चौसष्ट वर्षांच्या बहिणीला. आर्लेकिनोत मला जागा चांगली मिळाली. तिथे कोणता चित्रपट पाहिला, हे सांगायला आज मला वही उघडावी लागते.

रात्री पियात्सा माज्जोरे या उघड्या चौकात, त्या प्रचंड पडद्यासमोर, ताई आधीच येऊन बसली होती आणि शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून तिने माझी जागा धरली होती. "शेवटी काय झालं गं?" मी विचारले. "तुला कशाला हवंय? तुझ्या वहीत तो पाहिल्याची खूण असेलच की," ती म्हणाली. ती चिडलेली नव्हती, हे अधिक लागले.

त्याच वर्षी फिल्म सोसायटीच्या अंकात मी लिहिले होते की अंधारात अनेकांसोबत बसून पाहणे हेच खरे पाहणे. ते लिहिणाऱ्या बाईला मी आज विचारते : सोबत बसलेल्या माणसाला तू उठवत होतीस, त्याचे काय? ती गप्प बसत नाही. मूकपटातल्या रात्रीला मुद्दाम दिलेली निळी छटा कोणती आणि प्रिंटचा नुसता उडालेला रंग कोणता, हे तुला सोसायटीतल्या त्या तिघांनीच शिकवले, असे ती ऐकवते. तेही खोटे नाही. पेन्सिलीच्या खुणा मी अजूनही करते. फक्त दोन खेळांमध्ये अर्धा तास मोकळा सोडते, आणि तोही बहुतेक वेळा गप्पांतच जातो.

ताई पुन्हा आली नाही. गुडघ्यांचे कारण सांगते. तो मूकपट आता खरोखरच घरबसल्या दिसतो. तुमच्यापैकीच एकाने दुवा पाठवला, आभारी आहे. तो मी दोनदा लावला आणि दोन्ही वेळा शेवटची दहा मिनिटे यायच्या आत बंद केला.